तांत्रिक मेळाव्यात पाच मिनिटे बोलायचे आहे? अशी करा तयारी



आपल्या शाळेतील मुले वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसे आणतात. गणेशोत्सवात आणि टिळक पुण्यतिथीला त्यांची भाषणे होतात. तरीही अकरावी-बारावीनंतर किंवा महाविद्यालयात गेल्यावर संगणकाच्या एखाद्या मेळाव्यात ‘तू काही बोलशील का?’ असे कोणी विचारले, की यांतलीच बरीच मुले मागे सरतात. ‘माझे इंग्रजी चांगले नाही’, ‘मला एवढे कुठे येते’ ही कारणे ठरलेली असतात. अशा मेळाव्यात बोलण्याची तयारी कशी करावी, हे या पाठात एका उदाहरणासह पायरीपायरीने पाहू.

तांत्रिक मेळावा म्हणजे काय?

एखादी संगणकीय भाषा, लिनक्ससारखी कार्यप्रणाली, संकेतस्थळ बनवण्याचे तंत्र किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा छंद अशा एखाद्या विषयाची आवड असलेली माणसे महिन्या-दोन महिन्यांनी एकत्र जमतात. जागा बहुधा महाविद्यालयाचा वर्ग किंवा एखाद्या कंपनीची बैठकीची खोली असते. दिवस शनिवार किंवा रविवार, आणि प्रवेश बहुतेक वेळा मोफत असतो. दोन-तीन जण आपापले काम किंवा अनुभव सांगतात, प्रश्नोत्तरे होतात, चहा होतो आणि ओळखी होतात. याच मंडळींची मोठी संमेलनेही भरतात. पायथन या भाषेची पहिली अखिल भारतीय परिषद २००९ साली बंगळुरू येथे भरली होती.

ही कल्पना आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली. ज्याने काही अभ्यास केला त्याने तो चार लोकांसमोर मांडावा आणि लोकांनी त्याला प्रश्न विचारावेत, ही आपली जुनीच रीत आहे. फरक आहे तो विषयाचा आणि वेळेचा.

मेळाव्यातील मोठे भाषण साधारण वीस ते तीस मिनिटांचे असते. नवख्यांसाठी पाच मिनिटांचे छोटे भाषण असते, त्याला ‘लाइटनिंग टॉक’ म्हणतात. २००० साली अमेरिकेत पिट्सबर्ग येथे भरलेल्या पर्ल भाषेच्या संमेलनापासून हे नाव रूढ झाले. वीज चमकून जावी तसे हे भाषण असते. पाच मिनिटे झाली की वक्त्याने थांबायचे. टोकियोमध्ये २००३ साली सुरू झालेल्या ‘पेचा कुचा’ या प्रकारात २० चित्रे प्रत्येकी २० सेकंद दाखवतात, म्हणजे एकूण ६ मिनिटे ४० सेकंद होतात. पहिल्यांदा बोलणाऱ्याने पाच मिनिटांपासूनच सुरुवात करावी.

वक्तृत्व स्पर्धा आणि हे भाषण यांतील फरक

वक्तृत्व स्पर्धेत परीक्षक असतात, गुण असतात, आणि भाषण पाठ केलेले चालते. मेळाव्यात परीक्षक नसतात. ऐकणाऱ्याला घरी नेण्यासारखे काही मिळाले की नाही, एवढेच तेथे पाहिले जाते. आवाजातील चढउतार आणि हातवारे तेथे कमी लागतात. मुद्द्यांचा क्रम स्पष्ट असणे जास्त महत्त्वाचे असते. पाठ केलेले भाषण मध्येच कोणी प्रश्न विचारला की तुटते. समजून केलेले भाषण तुटत नाही.

येथे माझा स्वतःचा अनुभव सांगणे भाग आहे. मी याच शाळेचा विद्यार्थी. नोकरी लागल्यावर अशाच एका मेळाव्यात पहिल्यांदा बोललो. वीस मिनिटांसाठी मी चाळीस स्लाइड केल्या होत्या. सगळ्या इंग्रजीत, आणि बऱ्याचशा पुस्तकातून उतरवलेल्या. श्रोत्यांकडे पाठ करून मी त्या भिंतीवरून वाचत राहिलो. अर्ध्या स्लाइड झाल्या तेव्हाच वेळ संपली. एकाने प्रश्न विचारला. उत्तर येत नव्हते, तरी काहीतरी ठोकून दिले. ते चूक आहे हे समोरच्यांना कळले. मी चहाला न थांबता घरी आलो आणि त्यानंतर तीन वर्षे कोठेही उभा राहिलो नाही. ‘मराठी माध्यमात शिकलो म्हणून असे झाले’ अशी मी स्वतःची समजूत घातली होती. आज त्या कागदांकडे पाहिले की कळते, भाषेचा दोष त्यात फार थोडा होता. तयारीच चुकीची केली होती. तुमची तीन वर्षे तशी वाया जाऊ नयेत, म्हणून हा लेख.

पायरी १ : विषय एका वाक्यात मांडा

‘संगणक आणि मराठी’ हा विषय पाच मिनिटांचा नाही. त्यावर ग्रंथ होईल. ‘पायथन भाषेची ओळख’ हाही नाही. पाच मिनिटांत एकच प्रश्न आणि त्याचे एकच उत्तर मावते. तो प्रश्न शक्यतो तुम्हाला स्वतःला पडलेला असावा. म्हणजे उत्तर शोधताना तुम्ही कोठे अडखळलात हे तुम्हाला ठाऊक असते, आणि ऐकणाराही तेथेच अडखळणार असतो.

आपण एक उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत नेऊ. ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य तुम्ही लहानपणी ऐकले असेल. उलट वाचले तरी ते तसेच राहते : रा, मा, ला, भा, ला, मा, रा. आता एखाद्या विद्यार्थ्याने असा प्रोग्राम लिहिला, की दिलेला मजकूर तो उलटा करतो आणि मूळ मजकुराशी ताडून ‘सारखा’ किंवा ‘वेगळा’ असे सांगतो. शब्दांमधील मोकळी जागा तो आधीच काढून टाकतो. ‘कडक’ दिले तर उत्तर येते ‘सारखा’. ‘सरस’ दिले तरी ‘सारखा’. पण ‘रामाला भाला मारा’ दिले की उत्तर येते ‘वेगळा’! जे चौथीच्या मुलाला दिसते ते संगणकाला का दिसत नाही?

हाच आपला विषय. एका वाक्यात : ‘उलटसुलट सारखे असलेले मराठी वाक्य संगणकाला का ओळखता येत नाही?’ हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. पुढे जो मुद्दा या वाक्याचे उत्तर देत नाही तो, कितीही आवडता असला तरी, गाळा.

पायरी २ : विषय स्वतः पक्का समजून घ्या

जेवढे बोलायचे त्याच्या तिप्पट-चौपट माहिती असावी. आपल्या उदाहरणात ती अशी :

संगणक प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक देतो. जगातील लिप्यांसाठी ‘युनिकोड’ ही क्रमांकांची एकच मोठी यादी आहे. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. देवनागरीचा मुख्य विभाग १२८ जागांचा आहे, आणि त्याची मांडणी ‘इस्की’ या भारतीय प्रमाणावरून घेतलेली आहे. या यादीत ‘रा’ असे एक चिन्ह नाही. ‘र’ वेगळा आणि काना वेगळा. म्हणून ‘रामाला भाला मारा’ यात आपल्याला सात अक्षरे दिसतात, पण मोकळ्या जागा सोडून संगणक चौदा चिन्हे मोजतो. ‘युटीएफ-८’ या नेहमीच्या पद्धतीने ती साठवली तर प्रत्येक चिन्हाला ३ बाइट, म्हणजे एकूण ४२ बाइट लागतात.

आता ही चौदा चिन्हे उलटी केली की काय होते पाहा. शेवटचा काना सर्वांत आधी येतो. त्याला टेकायला व्यंजन नसते, म्हणून पडद्यावर तो बहुधा टिंबांच्या वर्तुळावर लटकलेला दिसतो. आणि पहिला ‘र’ आता शेवटी जातो, पण त्याचा काना त्याच्याजवळ राहत नाही. साहजिकच दोन्ही ओळी जुळत नाहीत. ‘कडक’ आणि ‘सरस’ या शब्दांत कानामात्रा नाहीत, म्हणून ते सुटले.

उपाय सोपा आहे. उलटे करण्याआधी चिन्हांचे गट पाडायचे. काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार यांपैकी काही आले की ते मागच्या व्यंजनाला जोडायचे. मग चिन्हे न उलटवता गट उलटवायचे. उत्तर येते ‘सारखा’.

हे करताना पुढचा प्रश्न तुमचा तुम्हालाच पडायला हवा : जोडाक्षरांचे काय? ‘क्षितिज’ हा शब्द घ्या. आपल्या हिशेबाने यात तीन अक्षरे आहेत : क्षि, ति, ज. संगणकाच्या यादीप्रमाणे चिन्हे सात : क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. फक्त कानामात्रा जोडल्या आणि हलन्त मागच्या व्यंजनाला जोडला, तर गट होतात चार : क्, षि, ति, ज. हलन्तानंतर येणारे व्यंजनही त्याच गटात घ्यायचे असा आणखी एक नियम केला, तेव्हा कोठे तीन होतात. युनिकोडच्या गट पाडण्याच्या सर्वसाधारण नियमांत देवनागरी जोडाक्षरांसाठी अशी तरतूद २०२३ सालच्या १५.१ या आवृत्तीत आली. म्हणून जुन्या नियमांवर चालणारा प्रोग्राम चार सांगेल, नव्या नियमांवर चालणारा तीन. ही माहिती भाषणात घ्यायची नाही, कारण वेळ नाही. पण प्रश्न आला तर ती तयार हवी.

पायरी ३ : समोर कोण बसणार आहे?

आयोजकांना आधीच विचारा : किती जण येतात, त्यांत विद्यार्थी किती, नोकरी करणारे किती, भाषा कोणती चालते. आपल्या इंदूरमध्ये अशा मेळाव्यात हिंदी आणि इंग्रजी मिसळून बोलतात. त्यांतल्या अनेकांना मराठी येत नसेल, पण देवनागरी सगळे वाचतात. म्हणून आपले उदाहरण तेथे चालते. त्याचा अर्थ अर्ध्या वाक्यात सांगावा. बडोद्याला किंवा हैदराबादला बोलायचे असेल तर गुजराती किंवा तेलुगू लिपीतील एक शब्द जोडीला घ्यावा, कारण स्वरचिन्हे वेगळी ठेवण्याची रीत तेथेही हीच आहे.

एक बारीक गोष्ट. उलटसुलट सारख्या असलेल्या शब्दाला मराठीत ‘विलोमपद’ म्हणतात. पण हिंदीत ‘विलोम’ म्हणजे विरुद्धार्थी शब्द! हिंदी श्रोत्यांपुढे हा शब्द वापरलात तर पहिल्याच मिनिटाला घोटाळा होईल. त्यापेक्षा ‘उलटा पढ़ो तो भी वही’ असे साधे सांगावे.

पायरी ४ : पूर्वरंग आणि उत्तररंग

तुमच्यापैकी अनेकांनी देवळात नारदीय कीर्तन ऐकले असेल. बुवा आधी पूर्वरंगात एक विचार मांडून त्याचे निरूपण करतात आणि मग उत्तररंगात आख्यान लावून तोच विचार कथेतून पटवतात. शेवटी पुन्हा मूळ अभंगावर येतात. श्रोता घरी जातो तेव्हा तो एक विचार त्याच्याबरोबर असतो. तांत्रिक भाषणातही एकच विचार आणि शेवटी त्याच्यावर परत येणे हे दोन्ही तसेच ठेवावे. क्रम मात्र उलटा करावा : आधी गोष्ट, मग निरूपण. कारण येथे श्रोत्याला आधी अडचण दिसावी लागते, तरच तो उत्तर ऐकायला थांबतो.

पाच मिनिटांची वाटणी अशी करता येईल :

० ते ३० सेकंद : वाक्य पडद्यावर दाखवून सर्वांना उलट वाचायला सांगणे.
३० सेकंद ते दीड मिनिट : प्रोग्राम चालवणे. ‘कडक’ सारखा, आपले वाक्य वेगळे.
दीड ते तीन मिनिटे : कारण. चौदा चिन्हे एका ओळीत मांडून दाखवणे.
तीन ते चार मिनिटे : गट पाडण्याचा उपाय, प्रोग्राम पुन्हा चालवणे.
चार ते साडेचार मिनिटे : याचा उपयोग काय?
साडेचार ते पाच मिनिटे : मूळ वाक्यावर परत येणे आणि आभार.

‘उपयोग काय’ हा भाग मुळीच गाळू नका. आपल्या उदाहरणात तो प्रत्येक घरातला आहे. मोबाइलच्या साध्या एसएमएसमध्ये इंग्रजी मजकूर असेल तर एका संदेशात १६० चिन्हे बसतात. देवनागरी असेल तर ७० च. आणि या ७० मध्ये प्रत्येक काना आणि वेलांटी वेगळी मोजली जाते. शाळेने पालकांना पाठवलेली चार ओळींची मराठी सूचना म्हणूनच दोन किंवा तीन संदेशांचे पैसे घेते. ज्याला चिन्ह आणि अक्षर यांतला फरक समजला, त्याला हे कोडे उलगडले.

पायरी ५ : स्लाइड

पाच मिनिटांना पाच-सहा स्लाइड पुरतात. एका स्लाइडवर एक मुद्दा. शेवटच्या रांगेतून वाचता येईल एवढे मोठे अक्षर ठेवा. तपासणी सोपी आहे : आपला संगणक टेबलावर ठेवून आठ-दहा पावले मागे जा आणि वाचून पाहा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळे अक्षर सर्वांत भरवशाचे, कारण प्रोजेक्टरचा उजेड कसा असेल ते आपल्या हातात नसते. पूर्ण वाक्ये लिहू नयेत. लिहिली की आपण वाचू लागतो.

मराठी मजकुराची एक खास काळजी घ्या. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर, तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. तरीही दुसऱ्या संगणकावर जोडाक्षरे विस्कटू शकतात. यासाठी स्लाइडची पीडीएफ प्रत करावी, फाँट तिच्यातच बसवलेले आहेत याची खात्री करावी आणि ती पेनड्राइव्हवर व स्वतःच्या ईमेलवर ठेवावी. दुसऱ्याचे चित्र किंवा आकृती घेतली असेल तर परवानगी आहे का ते पाहावे आणि त्याचे नाव स्लाइडवर द्यावे.

पायरी ६ : प्रात्यक्षिक दाखवताना

प्रोग्राम प्रत्यक्ष चालवून दाखवला की सभा जागी होते. पण तो बंद पडण्याची जागाही हीच. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू होते. संगणकाला स्कॅनर जोडताच पडदा निळा झाला आणि चुकीचा संदेश आला. सभागृहात हशा पिकला. प्रात्यक्षिक दाखवणारे ख्रिस कापोसेला पुढे त्याच कंपनीचे मुख्य विपणन अधिकारी झाले. यातून दोन गोष्टी शिकाव्यात. एवढ्या मोठ्या कंपनीचे फसते तर आपलेही फसू शकते. आणि फसले म्हणून माणूस संपत नाही.

तयारी म्हणून पुढील गोष्टी कराव्यात :

१. प्रात्यक्षिकाला इंटरनेट लागू नये. लागणारे सर्व आपल्या संगणकावर असावे.
२. मंचावर लांब मजकूर टाइप करू नये. वाक्ये आधीच एका फाइलमध्ये ठेवावीत.
३. प्रत्येक उत्तराच्या पडद्याचे छायाचित्र स्लाइडमध्ये शेवटी ठेवावे. प्रोग्राम अडला तर पंधरा सेकंदांपेक्षा जास्त झगडू नये. ते चित्र दाखवून पुढे जावे.
४. अक्षराचा आकार वाढवून ठेवावा आणि मोबाइलच्या, ईमेलच्या सूचना बंद कराव्यात.

पायरी ७ : सराव

मनातल्या मनात केलेला सराव हा सराव नव्हे. उभे राहून, मोठ्याने, घड्याळ लावून निदान पाच वेळा बोला. पहिल्या वेळी सात-आठ मिनिटे लागतील. तेव्हा वेग वाढवू नका; मजकूर कमी करा. साडेचार मिनिटांत संपेल असे भाषण ठेवा, कारण माईक हातात येण्यात आणि स्लाइड लागण्यात अर्धा मिनिट जातोच.

एक सराव विषय न जाणणाऱ्या माणसासमोर करा. आजी, आत्या, धाकटा भाऊ, कोणीही चालेल. बोलून झाल्यावर ‘कसे झाले?’ असे विचारू नका; घरचे लोक छानच म्हणतात. ‘मी काय सांगितले ते मला सांग’ असे विचारा. आजीने जर सांगितले, की ‘तो संगणक र आणि काना वेगळा धरतो, म्हणून उलटे करताना काना सुटतो’, तर भाषण जमले. ती गोंधळली तर जेथे गोंधळली तेथे खूण करा आणि तो भाग पुन्हा लिहा.

भाषण पाठ करू नका. मात्र पहिली दोन वाक्ये आणि शेवटचे एक वाक्य अगदी पक्के पाठ ठेवा. भीती पहिल्या अर्ध्या मिनिटातच जास्त असते. ती दोन वाक्ये तोंडून नीट गेली की आवाज जागेवर येतो.

पायरी ८ : भाषेची भीती

ज्या भाषेत तुम्ही विचार करता त्या भाषेत विषय आधी समजून घ्या, मग समोरच्यांच्या भाषेत सांगा. प्रोग्राम, बाइट, युनिकोड हे शब्द आहेत तसेच ठेवावेत. बाकी वाक्ये छोटी करावीत. हिंदी बोलताना मराठी वळण आले, किंवा इंग्रजीत काळ चुकला, तर कोणी उठून जात नाही. मुद्दा कळला नाही तर मात्र लोक मोबाइल काढतात.

इंग्रजीची गरज नाही असे मी म्हणणार नाही. युनिकोडचे नियम आणि प्रोग्रामिंगची बहुतेक पुस्तके इंग्रजीत आहेत. ती वाचता आलीच पाहिजेत. पण वाचण्याइतके इंग्रजी यावे यासाठी मराठी सोडावी लागत नाही. उलट या उदाहरणात पाहा : ‘क्षितिज’मध्ये तीनच अक्षरे आहेत आणि संगणकाचे सात हे उत्तर आपल्या कामाचे नाही, हे ज्याला खात्रीने म्हणता येते तोच ती चूक पकडू शकतो. ते ज्ञान तुम्हाला पहिलीच्या बाईंनी दिले आहे.

पायरी ९ : प्रश्नोत्तरे

प्रश्न पूर्ण ऐका. मागच्यांना ऐकू जावा म्हणून तो एकदा स्वतः उच्चारा. तेवढ्यात विचार करायलाही वेळ मिळतो. उत्तर येत असेल तर थोडक्यात द्या. अर्धवट येत असेल तर कोठपर्यंत येते ते सांगा. येत नसेल तर ‘मला माहीत नाही, पाहून सांगतो’ असे स्पष्ट म्हणा आणि खरोखर पाहून सांगा. मी त्या दिवशी हे चार शब्द म्हटले असते तर चहाला थांबू शकलो असतो. काही वेळा प्रश्नाच्या नावाखाली कोणी स्वतःचेच भाषण करतो. त्याचे आभार मानून ‘आपण नंतर बोलू’ म्हणावे. वाद घालू नये.

मेळाव्याच्या दिवशी

अर्धा तास आधी पोहोचा. चार्जर, प्रोजेक्टरला जोडायची वायर व जोडणी, पेनड्राइव्ह आणि पाण्याची बाटली बरोबर असू द्या. आपला संगणक प्रोजेक्टरला एकदा जोडून पाहा. आपले भाषण झाले की निघून जाऊ नका. इतरांची भाषणे ऐका. घरी आल्यावर त्याच रात्री वहीत तीन ओळी लिहा : काय जमले, काय चुकले, कोणता प्रश्न आला. पुढच्या भाषणाची तयारी या तीन ओळींपासूनच सुरू होते.

पालकांसाठी आणि विश्वस्तांसाठी

पालकहो, मूल अठरा वर्षांखालील असेल तर मेळाव्याला त्याच्याबरोबर जा. तुम्हाला विषय कळला नाही तरी चालेल. शेवटच्या स्लाइडवर घरचा पत्ता किंवा मोबाइल क्रमांक टाकू देऊ नका. भाषणाचे चित्रण होणार असेल तर आयोजकांना आधी विचारा. आणि घरी परतताना ‘अमुक जण तुझ्यापेक्षा चांगला बोलला’ एवढे मात्र म्हणू नका.

विश्वस्त मंडळाला एक नम्र सूचना. महिन्यातून एका शनिवारी शेवटचा तास ‘पाच मिनिटे’ या कार्यक्रमाला द्यावा. आठवीपासून पुढची मुले, प्रत्येकी पाच मिनिटे, एक प्रश्न आणि एक उत्तर. विषय संगणकाचाच हवा असे नाही. सायकलचे गिअर, घरातला वीजमीटर, आईचे शिवणयंत्र, काहीही चालेल. बक्षीस नको, क्रमांक नको. प्रोजेक्टर नसला तर फळा आहेच. मराठी शाळेतील पटसंख्येची काळजी आपण प्रत्येक बैठकीत करतो. चार अनोळखी माणसांपुढे उभे राहून स्वतःला समजलेली गोष्ट सांगू शकणारे मूल हे त्या काळजीवरचे एक उत्तर आहे, आणि त्याला खर्च काहीच नाही.

स्वाध्याय

१. तुम्हाला पडलेला एक प्रश्न एका वाक्यात लिहा. त्यात ‘आणि’ हा शब्द आला तर वाक्य पुन्हा लिहा.
२. ‘नवजीवन’ या शब्दातील अक्षरे मोजा आणि संगणकाची चिन्हे मोजा. चिन्हे उलटी करून कागदावर लिहा. मूळ शब्द मिळतो का? गट पाडून उलटे केल्यावर काय मिळते?
३. तुमच्या स्वतःच्या नावात अक्षरे किती आणि चिन्हे किती? युटीएफ-८ पद्धतीने किती बाइट लागतील?
४. शाळेकडून आलेल्या एका मराठी सूचनेतील चिन्हे मोकळ्या जागांसह मोजा. ७० पेक्षा ती किती जास्त आहेत?
५. पाठात दिलेल्या वाटणीप्रमाणे तुमच्या प्रश्नावर पाच मिनिटांचे टिपण करा आणि घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीला बोलून दाखवा. त्यांनी काय समजले म्हणून सांगितले ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.

(दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : अक्षरे पाच, चिन्हे सहा. चिन्हे उलटी केली तर ‘नवीजवन’ मिळते. गट उलटे केले तर पुन्हा ‘नवजीवन’.)